बोरगावकरांचं विरजण

बातमी पाच ओळींची होती आणि तिच्यात चुका सहा होत्या. गोपाळकृष्ण बोरगावकरांनी सकाळचा चहा संपायच्या आत पाच शोधल्या, लाल पेनाने त्यांच्याखाली रेघा मारल्या आणि समासात शुद्ध मजकूर लिहिला. त्या हिंदी दैनिकाने छापलं होतं की बालाघाट शहरातील गोपाल किशन बोरगांवकर, वय पैंसठ, यांच्या छतावरून बावीस बाटल्या महुआ लाहन जप्त करून संपूर्ण माल जागीच नष्ट करण्यात आला. तर नाव गोपाळकृष्ण. वय त्रेसष्ट. बाटल्या एकोणीस. मोहाचं एक फूलही त्या घराच्या पायरीवर कधी आलेलं नव्हतं. आणि 'जप्त' हे मराठीत बरोबर असलं तरी हिंदीत ते 'ज़ब्त' असं लिहितात, हे बोरगावकर एकतीस वर्षं कार्यालयातल्या प्रत्येक नव्या बाबूला सांगत आले होते. सहावी चूक त्यांना सापडली नाही. ती उघडकीला यायला आणखी एक दिवस लागला, आणि तीही त्यांनी स्वतः शोधली नाही.

लाहन म्हणजे दारू गाळण्याआधी आंबत ठेवलेलं पाणी. हे ज्याला सांगावं लागतं तो एक तर बालाघाटचा नाही, किंवा फार खोटं बोलतो. बोरगावकर ज्या खात्यातून निवृत्त झाले (खात्याचं नाव राहू द्या, पेन्शन चालू आहे), त्या खात्याची माणसं मोहाची फुलं पडायला लागली की जंगलातल्या गावांत जाऊन लाहन पकडत आणि ओतून देत. बोरगावकर स्वतः कधी पकडायला गेले नाहीत. ते बडे बाबू होते. पकडलेलं लाहन त्यांच्या टेबलावर कागदावर यायचं, तीन प्रतींत, बिनवासाचं. आजोबा तहसिलीत, वडील ट्रेझरीत आणि आपण इथे. तीन पिढ्यांच्या सर्व्हिस बुकांत एक लाल शेरा नाही, ही त्यांची खरी इस्टेट होती. येत्या पाडव्याला तिच्यात भर पडणार होती. शहरातल्या मराठी स्नेहमंडळाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे बिनविरोध यायचं होतं. बिनविरोध याचा अर्थ दुसरं कोणी तयार नव्हतं असाही होतो, पण बोरगावकर शब्दाचा पहिला अर्थ घेणारे होते.

या सगळ्याच्या मुळाशी समुद्र होता. बालाघाटपासून समुद्र कोणत्याही दिशेला निघालं तरी दोन दिवस लांब. म्हणून निवृत्तीनंतर हैदराबादच्या मुलाने, रजतने, बोरगावकरांना साडेतीन फुटांचा समुद्र घेऊन दिला. बैठकीतला दिवाण उचलला आणि त्या जागी काचेची टाकी आली. तिच्यात पाकिटातल्या मिठाचं खारं पाणी, दगड, नारिंगी पट्ट्यांचे दोन मासे, आणि जिवंत पोवळं. हे पोवळं म्हणजे हिरवट बोटांचा एक पुंजका, दिवा लागला की फुलणारा आणि विझला की मिटणारा. शेजारच्या मंजूने ते पाहिलं तेव्हा तिला फक्त नाव आवडलं.

"काकाजी, हे तेच का, मंगळाचं? अंगठीत घालते ते?"

"तेच. पण हे जिवंत आहे."

"मग आमच्या रीनाले रोज दहा मिनिटं याच्यासमोर बसवू का जी? तिले मंगळ आहे."

रीना आठवडाभर समोर बसून मोबाइल पाहत राहिली. तिचं लग्न काही जमलं नाही, पण पोवळं मात्र मिटायला लागलं. याचा त्याच्याशी संबंध नव्हता. पाण्यात माशांच्या घाणीचं नायट्रेट साठलं होतं. तपासायच्या नळीत रंग पिवळा यायला हवा, तो येत होता कुंकवासारखा. यावर उपाय एकच होता: ती घाण खाणारे जिवाणू पाण्यात सोडायचे. कंपनीची बाटली मागवली तर ती नऊ दिवस खोक्याच्या अंधारात फिरून राजेगावच्या नाक्यावरून बालाघाटात आली, आणि उघडल्यावर आतल्या जिवाणूंच्या आत्म्याला शांती लाभो एवढंच म्हणणं शक्य होतं.

शेवटी रजतच्या ओळखीच्या एकाने हैदराबादहून जाणाऱ्यायेणाऱ्यासोबत कपभर लाल पाणी पाठवलं. त्याने स्वतःची टाकी मोडीत काढली होती, तेव्हा हे शेवटचं, असा निरोपही पाठवला. त्या कपभरातून घरीच हवे तेवढे जिवाणू वाढवता येतात. थोडं मूळचं लाल पाणी, बाकी साधं पाणी, खाद्य म्हणून फेटलेलं अंडं आणि चिमूटभर अजिनोमोटो. बाटली गळ्यापर्यंत भरायची, झाकण घट्ट लावायचं, उन्हात ठेवायची. पंधरा दिवसांत सगळं लाल. बोरगावकरांनी ही कृती पत्नीला, आशालताबाईंना, वाचून दाखवली.

"म्हणजे विरजण," त्या म्हणाल्या.

"विरजण नव्हे. कल्चर."

"थोडं जुनं घ्यायचं, नव्यात टाकायचं, उबेला ठेवायचं. मग काय वेगळं आहे हो?"

"आशा, हे विज्ञान आहे. तू मधात नको बोलू."

हे वाक्य लक्षात ठेवावं. ते पुढे महागात पडणार आहे.

आशालताबाई गोंदियाच्या. लग्नात येताना त्यांनी माहेरहून स्टीलच्या डब्यात विरजण आणलं होतं आणि चौतीस वर्षं ते घरात मोडलेलं नव्हतं. गावाला जाताना त्या दागिने कपाटात ठेवत आणि विरजण मंजूकडे. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच सांगितलं, की अंडं माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही. तेव्हा विज्ञान छतावर गेलं.

अंडी आणायला बोरगावकर बस स्टँडच्या पलीकडे गेले आणि ओळखू येऊ नये म्हणून हेल्मेट घालून गेले. बालाघाटात पायी चालताना हेल्मेट घालणारा माणूस दुरूनही ओळखू येतो. अंडीवाला राकेश म्हणाला, "नमस्ते बड़े बाबू, कितने दूँ?" अजिनोमोटो चाउमीनच्या गाडीवर मिळाला. तिथेही नमस्ते झालं.

आता बाटल्या. खरं तर पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या चालल्या असत्या, पण बोरगावकर काम चालवून नेणाऱ्यांपैकी नव्हते. काच हवी, पारदर्शक हवी, झाकण असं हवं की हवा म्हणून आत जाऊ नये. एकतीस वर्षं जप्तीच्या नमुन्यांशी कागदोपत्री संबंध आल्यामुळे अशी झाकणं कोणत्या बाटल्यांना असतात हे त्यांना पाठ होतं. त्यांनी भंगारवाल्या हिरालालकडून अशा चोवीस बाटल्या निवडून घेतल्या. हिरालालने त्या पोत्यात भरून, सायकलवर टांगून, खळखळ वाजवत भर दुपारी गल्लीतून आणल्या. बोरगावकरांनी त्या भिजवल्या, लेबलं खरवडली आणि स्वतःची चिकटवली: बॅच क्रमांक, भरल्याचा दिनांक, सही. पुढे हीच लेबलं "संगठित कारोबार"चा पुरावा ठरायची होती.

दहाव्या दिवशी बाटल्या कशाबशा गुलाबी झाल्या. त्याच दिवशी खैरलांजीहून प्रेमलाल वर्षाचे तांदूळ घेऊन आला. प्रेमलालची शेती सगळी शेणखतावर आणि जीवामृतावर. त्याने पोती ठेवली, छतावर जाऊन रांग पाहिली आणि एका बाटलीचा वास घेतला.

"याच्यात गूळ कुठं आहे जी?"

"गुळाचं काही काम नाही, प्रेमलाल."

"काम नाही काहून? मी ड्रममंदी शेण टाकतो, गोमूत्र टाकतो, बेसन टाकतो. पण गूळ टाकल्याबिगर एक जंतू हलत नाही. माणसाचंबी तसंच आहे. तुम्ही त्याहिले उपाशी ठेवून राह्यले."

कृतीत गूळ नव्हता. पण पोवळं आठवडाभर उघडलेलं नव्हतं, दोनांपैकी एक मासा कोपरा धरून होता, आणि प्रेमलालचा तांदूळ कधी खोटा निघाला नव्हता. बोरगावकरांनी बारा बाटल्यांत गुळाचा एकेक खडा टाकला. उरलेल्या बारा तशाच ठेवल्या, कारण तुलनेशिवाय निष्कर्ष काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

गूळ न घातलेल्या बाटल्या पाच दिवसांत जांभूळ पिळल्यासारख्या लाल झाल्या. टाकीत ओतण्याआधी त्या आणखी आठवडाभर मुरू द्यायच्या, असं कृतीत होतं. कठड्यावर ओळीने मांडलेल्या त्या बाटल्यांतून ऊन आरपार जायचं तेव्हा खालून कोणीही मान वर करून पाहावं. मंजूने पाहिलं. तिला उलगडा झाला.

"काकाजी, कुत्र्यांसाठी आहे ना? लाल पानी?"

कुत्र्यांनी फाटकाशी घाण करू नये म्हणून लाल किंवा निळ्या पाण्याची बाटली टांगण्याचा रिवाज आमच्याकडे जुना आहे. कुत्रा त्याला भितो असं म्हणतात. कुत्र्याचं मत कोणी घेतलेलं नाही. बोरगावकरांनी कल्चर म्हणजे काय ते समजावायला सुरुवात केली, पण मंजूने तोवर दोन बाटल्या काखेत मारल्या होत्या. पलीकडच्या ज्योत्स्ना मॅडमनीही दोन नेल्या. त्या शाळेत विज्ञान शिकवतात, तरीही. दोघींनी झाकणं जरा सैल करून बाटल्या फाटकाला तारेने बांधल्या. जिवाणूंचा तो वास, अंडं आणि गटार यांच्या मधला, गल्लीभर पसरला, आणि इतिहासात पहिल्यांदा हा उपाय लागू पडला. कुत्री खरंच गेली. गल्लीत मंजूकडून हलली, ज्योत्स्ना मॅडमकडून हलली, बोरगावकरांच्या दारात तर आधीच फिरकत नव्हती. सगळी मिळून समोरच्या घनश्याम बिसेनांच्या फाटकाशी राहायला आली.

घनश्यामजी उकव्याच्या मॅंगनीजच्या खाणीतून निवृत्त झालेले. त्यांचं एकच म्हणणं असे, आणि ते रोज असे: "बड़े बाबू, समुद्र पालना है तो समुद्र के पास रहो. हम जंगल के लोग हैं, आपण खड्डा पाळावा." कुत्र्यांबद्दल ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी गुळाच्या बाटल्यांपैकी एक फुटली.

आवाज एवढा झाला की मंजू सिलिंडर फुटला म्हणून आधी रस्त्यावर आली आणि मग आपलं सिलिंडर पाहायला परत गेली. छतावरून गोडसर, आंबूस, नाकात चढणारा वास खाली उतरला. बोरगावकरांना तो अनोळखी वाटला. त्या वासावर त्यांनी एकतीस वर्षांत काही हजार कागद लिहिले होते, पण वास त्यांनी कधी घेतलाच नव्हता. घनश्यामजींना ओळखायला एक श्वास पुरला. खाणीच्या वस्तीत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला ही गोष्ट कोणी शिकवत नाही.

त्या संध्याकाळी घनश्यामजी केस विंचरून, धुतलेला सदरा घालून बोरगावकरांकडे आले आणि बसले. हवापाणी झालं. मुलांचं झालं. ते छताकडे पाहून हसले. बोरगावकरही हसले. आशालताबाईंनी चहा आणला. घनश्यामजींनी कपात डोकावून पाहिलं.

"बस, चाय?"

"बिस्कीट आणू का?"

"बड़े बाबू, पड़ोसी से क्या परदा?"

बोरगावकरांना वाटलं समुद्राबद्दल विचारताहेत. त्यांनी नायट्रेटची माहिती दिली, पाऊण तास. घनश्यामजी उठले तेव्हा त्यांचा चेहरा घोर अपमान झालेल्या माणसाचा होता, आणि बाहेर त्यांच्या फाटकाशी सात कुत्री होती. एवढ्या कारणांवर माणूस सरकारी हेल्पलाइनला फोन करतोच.

हेल्पलाइनचा नियम असा, की तक्रार एकदा नोंदली की ती बंद व्हावी लागते, आणि बंद होण्यासाठी काहीतरी कारवाई झालेली असावी लागते. तक्रार खरी असण्याची अट नाही. त्यामुळे पाडव्याच्या आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी, सकाळी अकरा वाजता, खात्याची जीप बोरगावकरांच्या दारात उभी राहिली आणि तिच्यातून उपनिरीक्षक वीरेंद्र खाली उतरला. उतरताना त्याने बोरगावकरांच्या पायांना हात लावला. पोरगा चांगला. नोकरीला लागला तेव्हा पंचनामा कसा लिहावा हे त्याला बडे बाबूंनीच शिकवलं होतं.

"बड़े बाबू, माफ करा. वरून आलंय. आजच क्लोज करायचं आहे."

"अरे कर ना. ये वर. तुला दाखवतो. हे बघ, हे जिवाणू आहेत."

वीरेंद्रने एकोणीस बाटल्यांकडे पाहिलं. बाटल्यांचा आकार पाहिला. बुडावर काचेत उमटलेलं कारखान्याचं नाव बोटाने चाचपलं. बॅच क्रमांक वाचले. मग त्याने गुळाच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि ते ताबडतोब लावलं.

"बड़े बाबू, ये तो..."

"गूळ आहे. प्रेमलालच्या सल्ल्याने घातला. चूक झाली, मान्य आहे. पण या सात बाटल्यांत... आठ... थांब, मोजतो. या आठ बाटल्यांत काही नाही. वास घे."

वीरेंद्रने वास घेतला आणि थोडा वेळ कठड्याला धरून उभा राहिला. "याच्यापेक्षा लाहन बरं," तो म्हणाला.

मग त्याने कागद काढला. खात्याचा पंचनाम्याचा छापील नमुना होता तो, आणि कधीकाळी बोरगावकरांनीच तयार केलेला. काम जलद व्हावं म्हणून त्यांनी त्यात नेहमीची वाक्यं आधीच छापून घेतली होती. "द्रव को सूँघकर देखा गया, लाहन जैसी तीव्र गंध पाई गई." वास कोणी घ्यायच्या आधीच आलेला होता. द्रव्याच्या प्रकारासमोर दोनच चौकटी होत्या: एक लाहन, दुसरी दारू.

"याच्यात 'अन्य' कुठे आहे?" बोरगावकरांनी विचारलं.

वीरेंद्रने नम्रपणे मान खाली घातली. "आपने ही हटवाया था, सर. तुम्ही म्हणाले होते की 'अन्य' लिहिलं की ऑडिटवाले प्रश्न विचारतात."

हे खरं होतं. त्या सुधारणेबद्दल त्यांना प्रशस्तिपत्रही मिळालेलं होतं. ते खाली बैठकीत, टाकीच्या वरच, काचेच्या चौकटीत होतं.

"मग दुसरा रस्ता?"

"सॅम्पल लॅबला पाठवतो. रिपोर्ट येईपर्यंत सगळा माल सील करून मालखान्यात."

"किती दिवस?"

"तीन महिने धरा. पण रिपोर्टमध्ये लाहन नाही असं आलं की तुमचं नाव साफ. पेपरमध्ये काही नाही. मी स्वतः लिहून देतो."

"मालखान्यात ऊन येतं का?"

"मालखान्यात बल्ब पण नाही, सर."

बोरगावकर जिना उतरून बैठकीत आले. त्यांच्यामागे वीरेंद्र, त्याच्यामागे दोन शिपाई, त्यांच्यामागे पंच म्हणून धरून आणलेले घनश्यामजी आणि मंजू, आणि सगळ्यांच्या मागे आशालताबाई. टाकीत पोवळ्याची बोटं मिटून पांढुरकी झाली होती. कोपऱ्यातला मासा आता कल्ले जोरजोराने हलवत होता आणि दुसरा त्याच्याजवळ जाऊन उभा होता. तपासायची नळी सकाळची तशीच होती, कुंकवासारखी. चार दिवस, फार तर पाच. अंधारात तीन महिने ठेवलेल्या बाटल्यांत काय उरतं ते राजेगावहून आलेल्या पार्सलने दाखवलंच होतं, आणि हैदराबादचं मूळ संपलेलं होतं.

म्हणजे एका बाजूला नाव आणि दुसऱ्या बाजूला हे.

"अहो, ऐका ना..." आशालताबाई म्हणाल्या.

"तू मधात नको बोलू." मग ते वीरेंद्रकडे वळले. "आणि चौकटीत लाहन लिहिलं तर?"

"तर आजच नष्ट. जागेवर. थोडं असलं की केस पण नाही, समज देऊन सोडतो. पण मग सही लागेल. आणि हेल्पलाइनवर टाकलं की पेपरवाल्यांना आपोआप जातं. सर, ऐसा मत करो. तीन महिने थांबा. पाडव्याला तुमचं मंडळाचं..."

"नष्ट कुठे करायचं, असं नमुन्यात कुठे लिहिलंय?"

वीरेंद्रने कागद उलटसुलट केला. "'मौके पर नष्ट किया गया.' एवढंच आहे."

"कशात ओतून?"

"ते नाही."

बोरगावकरांच्या आयुष्यात आपल्याच मसुद्यातली त्रुटी पाहून आनंद होण्याचा हा पहिला प्रसंग. "मग हा मौका," ते टाकीकडे बोट दाखवून म्हणाले. "एक बाटली इथे नष्ट होईल. बाकीच्या नालीत."

"बड़े बाबू, मछलियों को पिलाओगे?" घनश्यामजी कळवळून म्हणाले. "हम मर गए थे क्या?"

"अहो, पण मी काय म्हणते, सही करायच्या आधी..."

"आशा! पंचनामा चालू आहे."

"करा मग," त्या म्हणाल्या आणि दाराला टेकून उभ्या राहिल्या.

बोरगावकरांनी बिनगुळाच्या आठांतली सर्वांत लाल बाटली निवडली आणि झाकण काढलं. दोन्ही पंचांनी नाकाला रुमाल लावले, वीरेंद्रने घड्याळात वेळ पाहिली, आणि अकरा वाजून बावन्न मिनिटांनी शासनाच्या उपस्थितीत ती बाटली समुद्रात नष्ट झाली. पाणी गुलाबी झालं. बाकी अठरा शिपायांनी नालीत ओतल्या. घनश्यामजी त्यातल्या अकरा, गुळाच्या, ओतून होईपर्यंत पाठ करून उभे होते. त्यांना ते बघवलं नाही.

मग सही. आधी बोरगावकरांनी पंचनामा वाचला, त्यात शुद्धलेखनाच्या चार दुरुस्त्या केल्या, त्या दुरुस्त्यांवर आद्याक्षरं घातली, आणि खाली पूर्ण नाव लिहिलं. तीन पिढ्यांची इस्टेट त्यांनी एका ओळीत मोडली. सही नेहमीसारखी वळणदार केली. वेडीवाकडी सही कार्यालय परत पाठवतं, हे त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ती पाच ओळींची बातमी आली. तिच्यातल्या पाच चुका दुरुस्त करून त्यांनी संपादकाला पाठवल्या. दुपारी मंडळाच्या सचिवांचा फोन आला. उद्याची अध्यक्षनिवड प्रकृतीच्या कारणास्तव पुढे ढकलली आहे.

"कोणाच्या प्रकृतीच्या?"

"ते अजून ठरायचं आहे," सचिव म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "बोरगावकर, आपसात म्हणून विचारतो. सगळंच ओतलं का हो?"

"सगळं."

"अरेरे," सचिव म्हणाले, आणि ते अगदी मनापासूनचं होतं. त्या दिवशी आणखी तिघांनी विचारलं. त्यातले दोघे मंडळाच्या संस्कारवर्ग समितीवर होते. ज्या माणसाचा समुद्र बघायला तीन वर्षांत मंजूशिवाय कोणी आलं नव्हतं, त्याच्या बैठकीत संध्याकाळपर्यंत चपला मावेनात. सगळे टाकीकडे पाठ करून बसत आणि जिन्याकडे पाहत.

पाडव्याला सकाळी बोरगावकरांनी छतावर गुढी उभारली. कठडा रिकामा होता. समोर घनश्यामजींच्या फाटकाशी एकही कुत्रं नव्हतं, कारण मंजू आणि ज्योत्स्ना मॅडम यांनी जीप बघताच आपापल्या बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या होत्या आणि गल्लीची कुत्री पूर्ववत समान वाटली गेली होती. घनश्यामजींनी खालून हात जोडले. बोरगावकरांनीही जोडले. त्यांना कोणी फोन केला हे माहीत होतं, आणि पंचनाम्यावर पंच म्हणून त्याच माणसाची सही आहे हेही. नियमात बसत होतं.

ते खाली आले, टाकीचा दिवा लावला आणि समोर बसून राहिले. बऱ्याच वेळाने पोवळ्याचं एक बोट हललं. मग दुसरं. टोकाशी हिरवा रंग होता. कोपऱ्यातला मासा मधे आला होता आणि दगडाला टोचा मारत होता. त्यांनी नळी भरून पाहिली. कुंकू उतरून हळदीच्या जवळ आलं होतं.

"आशा," त्यांनी हाक मारली. "ये, बघ. वाचलं."

आशालताबाई श्रीखंडाचं भांडं हातात घेऊन आल्या. त्यांनी पाहिलं. "छान झालं," त्या म्हणाल्या.

"नाव गेलं. पण हे वाचलं. शेवटची बाटली होती, ती बरोबर जागी पडली. आता पुन्हा असं झालं तर मात्र काही हातात नाही. बीज संपलं."

"कुठलं संपलं?"

"कल्चर, आशा. हैदराबादचं मूळ."

आशालताबाईंनी भांडं टेबलावर ठेवलं, आत गेल्या आणि कॉफीची एक जुनी बरणी घेऊन आल्या. ती गळ्यापर्यंत भरलेली होती आणि तिच्यातलं पाणी छतावरच्या कोणत्याही बाटलीपेक्षा लाल होतं.

"ज्या दिवशी पहिली बाटली लाल झाली त्याच दिवशी कपभर बाजूला काढलं होतं," त्या म्हणाल्या. "अंड्याचं म्हणून ओट्यावर नाही ठेवलं. मोरीच्या खिडकीत ठेवलं, तिथं दिवसभर ऊन येते. तेच सांगून राह्यली होती परवा. दोनदा तोंड उघडलं मी."

बोरगावकर बरणीकडे पाहत राहिले. लॅबला पाठवू द्या सगळं, असं ते म्हणू शकले असते. तीन महिने, पाच महिने, हवे तेवढे. नाव साफ राहिलं असतं, आज अध्यक्षपद मिळालं असतं, आणि पोवळंही.

"तू... काढून कशाला ठेवलंस?"

आता मात्र आशालताबाईंना खरंच नवल वाटलं. चौतीस वर्षं संसार केलेला, तीन प्रतींत लिहिणारा हा माणूस इतकी साधी गोष्ट विचारतो.

"अहो, विरजण कोणी सगळं वापरून टाकते का?"

बोरगावकरांनी काही वेळाने कात्रण काढलं, चष्मा पुसला आणि 'संपूर्ण माल' यातल्या पहिल्या शब्दाखाली लाल रेघ मारली. सहावी. समासात शुद्ध मजकूर लिहायला पेन टेकवलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की ही दुरुस्ती लेखी करता येण्यासारखी नाही. त्यांनी पेन बंद केलं.

"आशा," ते हळूच म्हणाले, "ते विरजण जरा आत ने. मंजू येऊन राह्यली."